न वापरलेलं खातं

दिवाळीचा फराळ संपला की कुंदा शिळीमकर मंडळाच्या वेबसाइटची झाडलोट काढायची. हे काम तिच्याकडे कसं आलं म्हणाल, तर बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, कोण करेल, आणि बाकीचे सगळे त्या क्षणी चहाच्या कपात बघत होते. तेव्हापासून मंडळातल्या कोणत्या अधिकाऱ्याला साइटवर कुठवर जाता येईल, कोणाचं पद बदललं, कोणाचा हक्क काढायचा, हे सगळं कुंदाच्या माथी.

मंडळ म्हणजे भोरचं ‘कडेकपार बचाव मंडळ’. सुट्टीच्या दिवशी गडावर जाऊन फोटोच्या नादात दरीत अडकणाऱ्या लोकांना दोर लावून वर काढायचं, हे त्याचं काम. पगार कोणालाच नाही. कोणी शिक्षक, कोणी रिक्षावाला, कुंदा स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणारी. अशा मंडळात अधिकारी येतात आणि जातात. कोणी पुण्याला फ्लॅट घेतो, कोणाचं लग्न होतं, कोणी अध्यक्षांशी भांडून रुसून बसतो. माणूस जातो, त्याचं लॉग-इन मात्र तसंच राहतं. ते वेळच्या वेळी बंद करावं लागतं, कारण साइटवर शेकडो लोकांचे फोन नंबर, रक्तगट आणि घरच्यांचे पत्ते असतात. आणि वर्षभर फिरकलेला नसतो तोच माणूस हक्क काढल्यावर फोन करून विचारतो, काय वहिनी, आम्ही नकोसे झालो का.

त्या वर्षी कुंदानं साइट उघडली तेव्हा नेहमीचा निरोप आला. पुढील खाती अकरा महिने वापरलेली नाहीत, बंद करायची का? खाली तीन नावं होती. पहिली दोन तिला अपेक्षितच होती. तिसरं नाव कुंदा शिळीमकर.

तिला हसू आलं. आपणच रोज इथे बसतो, आणि आपलंच खातं न वापरलेलं? म्हटलं, यंत्राचंही वय झालं वाटतं. मग तिनं गेल्या अकरा महिन्यांतली आपली कामं उघडून पाहिली. कामं सगळी तिचीच होती. कोणत्या कड्यावर कोणाला पाठवलं, ॲम्ब्युलन्स कधी मागवली, सगळं तिला आठवत होतं. प्रत्येक कामाखाली ते करणाऱ्याचं नाव होतं, आणि ते प्रत्येक ठिकाणी एकच होतं. यशवंत खोपडे.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पासवर्ड, चेहरा, आवाज, बोटाचा ठसा हे सगळं केव्हाच मोडीत निघालं होतं. यंत्रं कोणाचाही चेहरा आणि कोणाचाही आवाज हुबेहूब काढायला लागल्यावर दुसरं काय होणार? त्याच्या जागी मनखूण आली. टेबलावर तळहाताएवढी एक काळी पाटी असते. तिच्यावर डावा हात ठेवून आपण आपलं काम करत राहायचं. पाटी हाताचा घाम, नाडी आणि बोटांची बारीक थरथर वाचते, स्क्रीनवरचा कॅमेरा नजर कुठे रेंगाळते ते बघतो. त्यातून यंत्र एकच गोष्ट शोधतं, ती म्हणजे निर्णय घेताना हा माणूस कुठे अडतो. हुशारी सगळ्यांची थोडीफार सारखी असते, पण अडायच्या जागा ज्याच्या त्याच्या असतात. कोणी पैशांपाशी अडतो, कोणी बाईमाणसाचं नाव आलं की अडतो, कोणी आधी एकदा चुकला होता तिथे. हे अडणं नाटक करून आणता येत नाही. म्हणून ज्याची खूण जुळेल त्याच्या नावानं काम पुढे जातं. स्क्रीन मात्र नुसतं पद दाखवते, नाव दाखवत नाही. ‘नमस्कार, नियंत्रण अधिकारी’, एवढंच. त्यामुळे अकरा महिने कोणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं.

आणि यशवंत खोपडे म्हणजे भाऊ. मंडळ त्यांनीच काढलेलं. तीस वर्षं कंट्रोलच्या खुर्चीवर तेच. कॉल आला की कोणी आधी उतरायचं, कोणी दोर धरायचा, कोणी घरी बसायचं, हे तिथून ठरतं. ही खुर्ची कोणाला द्यायची तर त्यासाठी मंडळाची एक रीत होती, जोडबैठक. नव्यानं जुन्याच्या शेजारी वर्षभर बसायचं. का, असं विचारायचं नाही. जुना कुठे थांबतो ते बघायचं, तो थांबला की आपणही थांबायचं. भाऊंच्या शेजारी कुंदा दीड वर्ष बसली होती. मग भाऊंना विस्मरणाचा आजार जडला. एके दिवशी ते खुर्चीतून उठले आणि ही खोली कोणाची म्हणून विचारू लागले. त्या दिवसापासून खुर्ची कुंदाची. भाऊंचं नाव साइटवरून काढायला हवं होतं, पण तिचा हात धजावला नाही. लोकांची खाती पटापटा बंद करणारी बाई, पण भाऊंच्या नावापाशी आली की उद्या बघू म्हणायची.

तिनं पुण्याच्या कंपनीला फोन केला. कंपनीनं आगाशे नावाचा एक इंजिनिअर पाठवला. त्याला वाटलं, साधी गोष्ट आहे, जोडबैठकीत दोघांचे हात एकाच पाटीवर पडत असणार, म्हणून खुणा मिसळल्या. त्यानं कुंदाची जुनी खूण पुसली, तिला एकटीला बसवून आठवडाभर नवी खूण घेतली आणि स्क्रीनवर पदाबरोबर नावही दिसेल अशी सोय करून दिली. पहिल्याच दिवशी कुंदानं पाटीवर हात ठेवला, एका कॉलवर माणसं नेमली, आणि खाली नाव उमटलं, यशवंत खोपडे.

आगाशेनं आठवडाभराची नोंद पुन्हा एकदा चाळली. मग हळूच म्हणाला, “ताई, यंत्र चुकतंय असं मला नाही वाटत. दोन माणसं वर्षानुवर्षं एकत्र निर्णय घेत राहिली की त्यांच्या अडण्याच्या जागा सरकतात. म्हाताऱ्या नवराबायकोत आम्ही हे पाहिलंय. पण ते थोडंसं असतं, पाव हिस्सा म्हणा. असं अख्खं माणूस सरकलेलं मी पहिल्यांदाच बघतोय.”

तो गेल्यावर कुंदानं स्क्रीन बंद केली. तिला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची.

भाऊंना एक मुलगा होता, सुहास. बारा वर्षांपूर्वी एका निसटत्या कड्यावर भाऊंनी कंट्रोलवरून त्याला पहिला उतरवला. खडक सुटला आणि सुहास गेला. तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा खुर्चीवर येऊन बसले. गाव म्हणालं, काळीज आहे की फत्तर. कुंदाही तेव्हा तेच म्हणाली होती. आणि आता हा फत्तर आपल्यात उतरलाय? आणि कुंदाची मुलगी रेवती तर याच मंडळात दोरावर होती. बावीस वर्षांची, किडकिडीत, आणि मुरमाड खडकावर तिच्याइतकं हलकं पाऊल अख्ख्या तालुक्यात कोणाचं नव्हतं. एक दिवस आपणही डोळ्यांची पापणी न लववता तिला अशीच उतरवू, ही धास्ती कुंदानं घेतली ती घेतलीच.

त्यामुळे तिनं आपल्या परीनं बंदोबस्त केला. रेवतीला पुढे पाठवायचंच नाही. हे तसं ती गेले काही महिने करतच होती, आता नियम केला. रेवती दोर धरायला, रेवती गाडीपाशी, रेवती राखीव. पोरगी वैतागली. एका रविवारी जेवताना म्हणाली, “आई, तू पूर्वी अशी नव्हतीस. मी तेरा वर्षांची असताना चढाईच्या भिंतीवरून पडून मनगट मोडून घेतलं, तर प्लास्टर निघाल्याच्या दिवशी तूच मला परत त्या भिंतीवर नेलं होतंस. आता मी दुकानात गेले तरी तू दाराशी उभी.” कुंदा म्हणाली, तुला मूल झालं की कळेल. आयांचं हे हुकमी वाक्य आहे, त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. रेवतीचे वडील शिरवळच्या कारखान्यात पाळीला असायचे. त्यांनीही एकदा विचारलं की हल्ली तू झोपत का नाहीस. कुंदा म्हणाली, उकडतं. तेव्हा मार्गशीर्ष चालू होता.

शेवटी तिला राहवेना. एके दिवशी लॅबमधून लवकर निघून, पाटी आणि टॅबलेट पिशवीत घालून ती भाऊंच्या घरी गेली. भाऊ अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत होते. फोलं खिशात घालत होते आणि दाणे जमिनीवर टाकत होते. चेहऱ्यावर लहान मुलासारखं समाधान. कुंदाला पाहून त्यांनी छान हसून विचारलं, रक्त न्यायला आलीस का. म्हणजे ओळखलं होतं अर्धंमुर्धं.

तिनं त्यांच्या मांडीवर पाटी ठेवली, हात धरून वर ठेवला आणि स्क्रीनवर एक जुना कॉल उघडून दिला. भाऊंनी चित्रं बघावीत तशी ती नावं बघितली, एकदोन ठिकाणी बोट लावलं, कुठेही थांबले नाहीत. स्क्रीनवर आलं, ओळख पटली नाही. मग कुंदानं तिथेच, त्यांच्या शेजारी बसून, त्याच पाटीवर आपला हात ठेवला. तोच कॉल, तीच नावं. यशवंत खोपडे, असं यंत्रानं सांगितलं. भाऊंनी ते वाचलं आणि कौतुकानं विचारलं, हे कोण गं?

भाऊंच्या पत्नी, ताराकाकू, चहा घेऊन आल्या. कुंदानं त्यांना सगळं सांगितलं. काकूंना यंत्राचं फारसं कळलं नाही, पण त्या कुंदाकडे टक लावून बघत राहिल्या. म्हणाल्या, आता हे गाढ झोपतात बघ, घोरतात सुद्धा. बारा वर्षांत असे झोपले नव्हते. रोज उठून दाराशी उभे राहायचे, मी हात धरून आत आणायची. कॉलवर कोणाचं कोवळं पोर असलं की दोन-दोन दिवस घास उतरायचा नाही. लोक फत्तर म्हणायचे, मी कोणाकोणाला सांगणार होते? “हे विसरले तेव्हा मी देवाला हात जोडले, कुंदा. म्हटलं, सुटला माणूस.” मग चहाचा कप पुढे करता करता त्या म्हणाल्या, “तू मात्र फार वाळलीस गं.”

 काकू असं का म्हणाल्या, हे कुंदानं स्वतःलाही विचारलं नाही. चहा तसाच ठेवून ती निघाली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी कॉल आला. करंजाईच्या कड्यावर कॉलेजचा एक मुलगा खालच्या कपारीत अडकला होता. पाय मोडलेला, पाणी संपलेलं, आणि कपारीची कड त्याच्या वजनानं थोडी थोडी ढासळत होती. मंडळाची जीप भोंगा वाजवत बाजारपेठेतून गेली. पथक कड्यावर पोचलं आणि विलास कोंडेनं वायरलेसवरून खबर दिली की खडक भुसभुशीत आहे, एकच माणूस उतरू शकेल, आणि लवकर ठरवा.

उतरण्याजोगे दोघंच होते, विलास आणि रेवती. विलास अनुभवी, पण अंगानं भरलेला, आणि घरी दोन लहान मुली. कड ढासळत असताना वजन हलकं हवं, हे कोणीही सांगितलं असतं. कुंदानं पाटीवर हात ठेवला. तिच्या मनात आलं, हाच तो क्षण. आता भाऊ आपल्या हातून रेवतीचं नाव लिहून घेतील. दात घट्ट आवळून तिनं विलासचं नाव टाकलं. आपण जिंकलो, असं तिला वाटलं सुद्धा.

खाली नाव उमटलं, यशवंत खोपडे. आदेश पाठवायचा का?

मग तिला उमगलं. रेवतीला मागे ठेवणारी ती नव्हती, ते भाऊ होते. दाराशी उभं राहणं भाऊंचं, न उतरणारा घास भाऊंचा, झोप न येणं भाऊंचं. आईची माया म्हणून इतके महिने जी काळजी तिनं उराशी धरली होती, ती दुसऱ्याच्या मेलेल्या मुलाची होती. मग आपलं काय? रेवतीसाठी आपल्याकडे आपलं असं काय उरलंय? हा विचार तिला सहन होईना. तिला एकदम घर लुटलं गेल्यासारखं वाटलं.

वायरलेसवर विलास पुन्हा बोलला की पोरगा आता हाकेला ओ देत नाहीये. कुंदानं विलासचं नाव पुसलं. मनगट मोडलेल्या पोरीला परत भिंतीवर नेणारी बाई काय करेल, एवढंच तिनं स्वतःला विचारलं आणि रेवतीचं नाव टाकलं. पाटीखालचा दिवा थोडा वेळ लुकलुकत राहिला. मग आलं, कुंदा शिळीमकर.

तिनं आदेश पाठवला.

रेवतीचा आवाज आला. “आई, नक्की?”

“नक्की. उतर.”

आणि पुढचा सगळा वेळ कुंदा इतकी शांत होती की शेजारी बसलेल्या सचिवांना नवल वाटलं. ॲम्ब्युलन्स कुठवर आली ते तिनं विचारलं, मुलाच्या घरी फोन केला. तिला कडकडून भूक लागली. रेवती दोरावर लोंबकळत असताना तिनं डबा उघडला आणि दोन थालीपिठं लोण्याबरोबर खाल्ली. कितीतरी दिवसांनी अन्नाला चव लागली. वायरलेसवर एकदा दगड कोसळल्याचा आवाज आला, लोक ओरडले, सचिव ताडकन उभे राहिले. कुंदानं त्यांना बसा म्हणून खूण केली आणि बोटाला लागलेलं लोणी चाटलं.

पोरगा वर आला. मागोमाग रेवती आली, कोपर खरचटलेलं, बाकी ठणठणीत. वायरलेसवर तिच्या हसण्याचा आवाज आला. पथक आवराआवर करून घाटातून परत निघतंय असं विलासनं कळवलं. सचिव डोळे पुसत होते. कुंदानं पाटी पुसून ठेवली, आणि तेवढ्यात ताराकाकूंचा फोन आला. मघाशी तुमच्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हापासून हे दाराशी उभे आहेत, बसतच नाहीत, मलाही ओळखत नाहीत, तू ये.

भाऊ दाराच्या चौकटीला धरून उभे होते. सदरा घामानं भिजलेला. परवाचं ते समाधान चेहऱ्यावरून पार पुसलं गेलं होतं. त्यांनी कुंदाला मात्र लगेच ओळखलं, नावानिशी. म्हणाले, कुंदा, सुहास वर आला का? काकूंनी तोंडाला पदर लावला. कुंदाला खोटं सांगता आलं असतं, पण भाऊंच्या शेजारी दीड वर्ष बसलेल्या माणसाला ते जमणार नव्हतं.

“सुहास नाही, भाऊ. आज मी माझ्या रेवतीला उतरवलं.”

“पहिली?”

“पहिली. आली ती वर. सगळे परत निघालेत.”

भाऊंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं. कंट्रोलवर एखाद्या नावापाशी थांबायचे तसे थांबले. मग अगदी सरळ आवाजात, आजारी माणसाच्या नव्हे, त्यांनी विचारलं, “पाठवताना भीती वाटली?”

कुंदा म्हणाली, “नाही वाटली.”

“मलाही नव्हती वाटली गं,” भाऊ म्हणाले.

काकू त्यांना धरून आत घेऊन गेल्या. कुंदा अंगणातच उभी राहिली. तिनं फोन काढून रेवतीला लावला. लागला नाही. सगळे सुखरूप निघालेत हे तिला माहीत होतं, विलासचा आवाज तिनं स्वतःच्या कानानं ऐकला होता. घाटात रेंज नसते, हेही तिला माहीत होतं. तिनं पुन्हा लावला.